दहा सेकंदांचा दंश

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या इस्पितळांत अधूनमधून एक चमत्कारिक रोगी यायचा. बहुतेक वेळा पुरुष, शेतावर किंवा गावाच्या कडेला राहणारा. पोट फळीसारखं कडक, अंग घामाने निथळलेलं, नाडी जलद. पोट असं कडक लागलं की सर्जनच्या मनात पहिली शंका येते ती फुटलेल्या अपेंडिक्सची, नाहीतर जठराला पडलेल्या छिद्राची. अशा वेळी वाट बघणं म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळणं. म्हणून काही जणांची पोटं उघडली गेली. आत सगळं धडधाकट होतं.

पोटात खरोखर पू झालेला माणूस हलायला घाबरतो, निपचित पडून राहतो. हा रोगी मात्र क्षणभर स्वस्थ राहत नसे. उठायचा, बसायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, पुन्हा उठायचा. हा फरक ज्यांच्या ध्यानात आला, त्यांतले लॉस एंजेलिसचे डॉक्टर एमिल बोगेन हे एक महत्त्वाचं नाव. 1926 साली त्यांनी अशा रोग्यांच्या हकिकती एकत्र करून छापल्या आणि पुढेही ते त्यांत भर घालत राहिले. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: माणूस घरामागच्या लाकडी संडासात बसलेला असताना त्याला नाजूक जागी काहीतरी टोचलं होतं. लाजेपायी अनेकांनी ते आधी सांगितलंही नव्हतं. टोचणारं ते काहीतरी म्हणजे ब्लॅक विडो नावाचा कोळी.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण कोळ्याच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात चुकीचं काहीच नाही. ब्लॅक विडोच्या मादीला काय हवं असतं? अंधार, आडोसा, जमिनीपासून थोडीशी उंची आणि भरपूर माश्या. खड्ड्यावर फळी टाकून तिला भोक पाडलेल्या संडासात हे सगळं आयतं मिळायचं. फळीच्या खालच्या अंगाला ती आपलं जाळं विणायची. बागेत दिसतं तसं चाकासारखं रेखीव जाळं तिचं नसतं. ते वेडंवाकडं, गुंताड्यासारखं दिसतं, पण त्याची रचना अगदी हिशेबी असते. वर धाग्यांचं विरळ छप्पर, एका कोपऱ्यात दडून बसायची जागा आणि तिथून खाली ताणलेले उभे धागे, ज्यांच्या टोकांना चिकट थेंब लावलेले असतात. चालत जाणारा किडा या थेंबाला चिकटला की धागा खालून सुटतो आणि किडा अधांतरी उचलला जातो. मग मादी धावत येते, मागच्या पायांनी त्याच्यावर ओल्या रेशमाचे फवारे टाकून त्याला जखडते आणि सर्वांत शेवटी चावते. तिची नजर यथातथाच असते. तिला जग कळतं ते धाग्यांच्या थरथरीतून. फळीवर बसलेल्या माणसाचा जाळ्याला धक्का लागला, तर तो माणसाचा आहे हे तिला कळण्याचा मार्गच नाही.

एरवी ही मादी भित्री. शरीराची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, पोट वाटाण्यासारखं गोल, काळंभोर आणि चकचकीत, आणि पोटाच्या खालच्या बाजूला डमरूच्या आकाराची लाल खूण. ती उलटी लटकते, त्यामुळे ही खूण वरून येणाऱ्याला स्पष्ट दिसते. जाळ्याबाहेर काढली तर ती अडखळत चालते, पाय आखडून मेल्याचं सोंग घेते. चावते ती अंगाशी दाबली गेली तर, बुटात किंवा कपड्यात अडकली तर, नाहीतर अंड्यांच्या पिशवीजवळ असेल तर. रेशमाच्या एका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात. बाहेर पडलेली पिल्लं एकमेकांना खातात, त्यांतली मोजकीच जगतात.

अशा या जिवाने माणूस मरतो का, यावर शास्त्रज्ञांत दीडशे वर्षं एकमत नव्हतं. 1775 साली डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने तिचं शास्त्रीय नाव ठेवताना त्यात ‘मारणारी’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला, पण नावाने काही सिद्ध होत नाही. खेड्यापाड्यांत लोक छातीठोकपणे सांगत की या कोळ्याने माणसं मेली आहेत. शहरातले विद्वान विचारत, कोळी कुठे आहे? चावलेला कोळी बहुतेक वेळा चिरडला गेलेला असे किंवा पळून गेलेला असे. काही वेळा तर तो कोणी पाहिलेलाच नसे, फक्त नंतर आसपास एक काळा कोळी सापडलेला असे. 1889 साली अमेरिकन सरकारच्या कृषी खात्यातले चार्ल्स रायली आणि लेलंड हॉवर्ड यांनी अशा प्राणघातक दंशांच्या हकिकती गोळा करून छापल्या. त्यांनीही वादाचा निकाल लागला नाही. वाद मिटवायचा तर ओळख पक्की असलेली मादी, ठाऊक असलेली वेळ आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालेला दंश, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या. थोडक्यात, चावून घ्यायला कोणीतरी तयार व्हायला हवं होतं.

विल्यम बेर्ग हे आर्कान्सा विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवत. टॅरँट्युला नावाच्या केसाळ कोळ्यांवर त्यांचा विशेष जीव. त्या कोळ्यांबद्दलच्या बहुतेक भयकथा खोट्या आहेत हे त्यांनी स्वतःला चावून घेऊन दाखवलं. ब्लॅक विडोची गोष्टही अशीच फुगवलेली निघेल असं कोणालाही वाटलं असतं. आधी त्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि 1922च्या उन्हाळ्यात स्वतःचं बोट पुढे केलं. पहिल्या खेपेला काही विशेष झालं नाही, टोचल्यासारखं दुखलं आणि थांबलं. एखादा घाईचा माणूस इथेच निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. बेर्ग यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मादी घेतली आणि या वेळी तिला सुमारे पाच सेकंद बोटाला धरून राहू दिलं.

दुखणं बोटातून मनगटात, मनगटातून दंडात आणि तासाभरात खांद्यापर्यंत चढलं. मग छाती, कंबर, पाय. श्वास घेताना त्रास होऊ लागला, बोलणं तुटक झालं. त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. तिथे शेकाचे उपचार झाले. रात्री डोळा लागला की ग्लानीत आपण पुन्हा पुन्हा कोळ्यांचंच काहीतरी काम करत आहोत असं त्यांना दिसे. काही दिवसांत ते बरे झाले आणि 1923 साली परजीवीशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी हा सगळा वृत्तांत निर्विकार भाषेत छापला. कोळी विषारी आहे, लोक खोटं बोलत नव्हते, हा त्याचा मथितार्थ.

एवढ्याने भागायला हवं होतं, पण भागलं नाही. बेर्ग कीटकशास्त्रज्ञ होते. रक्तदाब, रक्तातल्या पेशी, हृदयाचा विद्युत आलेख, यांतलं काही त्यांच्या टिपणात डॉक्टरांना हवं तसं नव्हतं. शंकेखोरांनी अजून हार मानली नव्हती. दहा वर्षांनी अलाबामा विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातल्या ॲलन वॉकर ब्लेअर या 32 वर्षांच्या प्राध्यापकाने तोच प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं. या वेळी सर्व तयारीनिशी.

त्याने पकडलेली मादी पूर्ण वाढलेली होती. प्रयोगाआधी सुमारे दोन आठवडे तिने काही खाल्लं नव्हतं, म्हणजे विषग्रंथी भरलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. 12 नोव्हेंबर 1933 च्या सकाळी टस्कलूसा इथल्या प्रयोगशाळेत त्याने तिला चिमट्याने उचलून डाव्या हाताच्या बोटावर टेकवलं. तिने दात रोवले. ब्लेअरने तिला दहा सेकंद तसंच राहू दिलं. बेर्ग यांच्या दुप्पट वेळ.

सुरुवातीला तो स्वतःच लिहीत होता. कितव्या मिनिटाला दुखणं कुठे पोचलं, बोटाचा रंग कसा बदलला, नाडी किती. पाऊण तास, एक तास, अक्षर चालू आहे. दोन तासांच्या आसपास पोट कडक झालं, पायांत गोळे येऊ लागले, रक्तदाब घसरला, नाडी क्षीण झाली, आणि पुढच्या नोंदी दुसऱ्यांना कराव्या लागल्या. इस्पितळात पोचल्यावर ज्या डॉक्टरांनी त्याला तपासलं त्यांनी नंतर लिहिलं की इतकी केविलवाणी वेदना त्यांनी दुसऱ्या कुठल्याही आजारात किंवा शस्त्रक्रियेत पाहिल्याचं आठवत नाही. अशा अवस्थेत हृदयाचा आलेख काढायचा म्हणून त्याला टेबलावर न हलता पडायला लावलं. तो आलेख सर्वसाधारण निघाला. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातला हा सर्वांत कठीण भाग होता, कारण या विषाने पछाडलेल्या माणसाला दुसरं काहीही जमेल, स्वस्थ पडणं जमत नाही.

थोडा आराम मिळाला तो गरम पाण्याच्या टबात बसून. दुखण्याचा जोर दोन दिवसांनी ओसरला, आठवड्याभरात तो घरी गेला, हातापायांची खाज त्यापुढेही रेंगाळली. मूळ बेत असा होता की काही काळाने दुसरा दंश घ्यायचा आणि पहिल्याने शरीरात काही प्रतिकारशक्ती आली का ते पाहायचं. तो बेत त्याने सोडून दिला. वैज्ञानिक कुतूहलाची सीमा कुठे असते याचं याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही. 1934 साली अंतर्गत वैद्यकाच्या एका नामांकित नियतकालिकात त्याचा दीर्घ निबंध छापून आला, आणि त्यानंतर ब्लॅक विडोचा दंश ‘अफवा’ आहे असं जबाबदार माणूस म्हणेनासा झाला.

एका माणसावरचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, असं आजचा संख्याशास्त्रज्ञ म्हणेल. बरोबरच आहे. पण इथला प्रश्न ‘किती जणांना होतं’ असा नव्हताच. ‘होतं की नाही’ असा होता, आणि त्याला एक नीट टिपलेलं उदाहरण पुरतं.

आता वर्तमानपत्रांनी तो विषय उचलला आणि अमेरिकेत या कोळ्याची धास्तीच बसली. रेमंड थॉर्प आणि वेल्डन वुडसन यांनी 1945 साली काढलेल्या पुस्तकात 1726 ते 1943 या काळातल्या 1291 दंशांची मोजदाद आहे. त्यांत 55 मृत्यू. म्हणजे नोंद झालेल्यांपैकी शंभरात जेमतेम चार, आणि किरकोळ दंशांची नोंद कोण करतो? खरं प्रमाण त्याहून कितीतरी कमी असणार. मृत्यू ओढवला तर तो बहुधा लहान मुलांचा, म्हाताऱ्यांचा किंवा आधीच आजारी असलेल्यांचा. दरम्यान मंदीच्या काळात रोजगार देण्यासाठी सरकारने काढलेल्या योजनेतून ग्रामीण भागात 20 लाखांहून अधिक झाकणबंद, माश्यांना अटकाव करणारे संडास बांधले गेले. उद्देश विषमज्वर आणि हूकवर्म आटोक्यात आणण्याचा होता. कोळ्यांचा विचार कोणी केला नव्हता. पण माश्या गेल्या की त्यांच्यामागे आलेला पाहुणाही जातो. पुढे घराघरांत नळ आणि फ्लश आले आणि बोगेन यांच्या यादीतली ती लाजिरवाणी जागा दंशाच्या नोंदींतून हळूहळू नाहीशी झाली.

या धास्तीत भर घातली ती तिच्या नवरा खाण्याच्या ख्यातीने. नर आकाराने फारच लहान, बारीक, फिकट रंगाचा. मीलनानंतर मादी त्याला खाते ही गोष्ट इतकी प्रसिद्ध झाली की पुढे नवऱ्यांना विष घालणाऱ्या बायकांनाही हेच नाव चिकटलं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या जातींत नर पुष्कळदा सुखरूप निसटतो. काचेच्या बरणीत, जिथे पळायला जागाच नाही, तिथे पाहिलेल्या प्रसंगांनी ही कीर्ती वाढवली. पश्चिम अमेरिकेतल्या जातीचा नर तर मादीच्या रेशमावरच्या रासायनिक खुणांवरून ती भुकेली आहे की पोट भरलेली, हे ओळखतो आणि भुकेलीच्या वाटेला जात नाही. काही नर मादीचं जाळं जागोजागी तोडून, गुंडाळून ठेवतात, म्हणजे तिचा गंध दुसऱ्या नरांपर्यंत कमी पोचतो.

ही कीर्ती ज्याला शोभते तो नर ऑस्ट्रेलियात आहे. तिथली रेडबॅक नावाची बहीण पाठीवर लाल पट्टा मिरवते. तिचा नर मीलनाच्या मध्येच कोलांटउडी मारून आपलं पोट थेट तिच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. 1996 साली कॅनडातल्या जीवशास्त्रज्ञ मेडियन अँड्रेड यांनी दाखवून दिलं की सुमारे 65 टक्के मीलनांत नर खाल्ला जातो. खाल्ल्या गेलेल्या नराचं मीलन जास्त वेळ चालतं, आणि त्याच्या बीजातून जास्त अंडी फळतात. शिवाय त्याला खाऊन तृप्त झालेली मादी पुढच्या नराला जवळ करण्याची शक्यता कमी होते. जाळं शोधत निघालेले बहुतेक नर वाटेतच मरतात. दुसरी मादी मिळण्याची आशा इतकी कमी असेल तर पहिलीवरच सर्वस्व लावण्यात हिशेब चुकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या कोळ्याला अनपेक्षितपणे सरकारी नोकरी मिळाली. बंदुकांच्या आणि मोजणीच्या दुर्बिणींत नेम धरण्यासाठी काचेवर आडवी-उभी अतिशय बारीक रेघ लागते. माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ, तरी चिवट आणि ताणली तरी न तुटणारी अशी तार म्हणून कोळ्याचं रेशीम वापरत. कॅलिफोर्नियातल्या युकायपा गावात नॅन साँगर नावाची बाई घरात कोळी पाळायची, त्यांच्या पोटातून रेशीम हळुवारपणे ओढून फिरकीवर गुंडाळायची आणि सैन्याला पुरवायची. तिच्या कोळ्यांत ब्लॅक विडोही होत्या. त्याच वर्षांत नॉर्थ्रॉप कंपनीने रात्री शत्रूची विमानं शोधून पाडणारं, नाकात रडार बसवलेलं पी-61 हे विमान बनवलं. मे 1942 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याचं नाव अर्थातच ‘ब्लॅक विडो’.

पण या कोळ्याची खरी कामगिरी पुढे, प्रयोगशाळेत झाली. ब्लेअरच्या अंगातले गोळे कशामुळे आले होते? 1964 साली रोममध्ये नोरा फ्रोंताली आणि अल्फोन्सो ग्रासो यांनी युरोपातल्या जातीचं विष घेऊन त्यातली प्रथिनं वेगळी केली. तेव्हा कळलं की हे एकच विष नाही. कीटकांसाठी वेगळं, खेकड्यांच्या वंशातल्या प्राण्यांसाठी वेगळं, आणि आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्यांसाठी वेगळं प्रथिन त्यात असतं. जाळ्यात कधीमधी पाल किंवा उंदराचं पिल्लूही सापडतं, हे लक्षात घेतलं तर ते वावगं वाटत नाही. या शेवटच्या प्रथिनाला पुढे अल्फा-लॅट्रोटॉक्सिन हे नाव मिळालं.

मज्जातंतूचं टोक स्नायूला जिथे भिडतं, तिथे संदेश पोचवणारं रसायन सूक्ष्म पुटकुळ्यांत भरून ठेवलेलं असतं. एकेक पुटकुळी फुटून नेमकं तेवढंच रसायन बाहेर पडतं, ही कल्पना लंडनमधल्या बर्नार्ड कात्झ यांनी मांडली होती. त्यासाठी त्यांना 1970 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूवर ब्लॅक विडोचं विष टाकून पाहिलं. आधी संदेशांचा नुसता पूर आला, मग सगळं शांत झालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मज्जातंतूच्या टोकातल्या पुटकुळ्या जवळजवळ संपलेल्या होत्या. कात्झ यांच्या कल्पनेला मिळालेला हा मोठा आधार होता. विष पेशीच्या आवरणाला भोक पाडतं, त्यातून कॅल्शियम आत घुसतं आणि सगळा साठा एकदमच बाहेर फेकला जातो, हे नंतर उलगडलं. स्नायूला एकाच वेळी हजारो हुकूम मिळतात आणि तो आखडून बसतो. पोट कडक होण्याचं कारण हेच.

विष चिकटतं कशाला, या प्रश्नाचा माग घेत अमेरिकेत डॅलस इथे थॉमस झ्यूडहोफ यांच्या गटाने 1992 साली न्यूरेक्सिन नावाची प्रथिनं शोधून काढली. दोन मज्जापेशींचा सांधा जुळवून धरण्याचं काम ती करतात. या प्रथिनांच्या जनुकांतले बिघाड पुढे ऑटिझमच्या काही रुग्णांत सापडले. पुटकुळ्यांतून रसायन नेमक्या क्षणी कसं सुटतं यावरच्या एकंदर कामासाठी झ्यूडहोफ यांना 2013 साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. हे पारितोषिक काही एकट्या कोळ्याचं नव्हे, पण न्यूरेक्सिनचा माग लागला तो त्याच्याच विषामुळे.

उपचारांची कहाणी इतकी उजळ नाही. 1935 साली दोघा डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिल्यावर गोळे उतरतात असं जाहीर केलं आणि पुढची पन्नासेक वर्षं ते बिनदिक्कत दिलं गेलं. 1992 साली अमेरिकेत 163 रोग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्याचा फारसा उपयोग होत नसल्याचं दिसलं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष अमेरिकेत 1930च्या दशकापासून आहे. ऑस्ट्रेलियात रेडबॅकसाठीचं प्रतिविष सॉल वीनर यांनी 1956 साली तयार केलं आणि ते हजारो लोकांना दिलं गेलं. 2014 साली तिथेच 224 रोग्यांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वेदनाशामकांबरोबर प्रतिविष, निम्म्यांना वेदनाशामकांबरोबर नुसतं सलाइन. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. दोन तासांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात ठळक फरक आढळला नाही.

भारतातही या वंशाच्या जाती सापडतात, पण त्यांच्या दंशाच्या नोंदी फार थोड्या आहेत. जिथे असे रोगी नेहमी येतात तिथे आता तीव्र वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात. रोग्याला नजरेखाली ठेवतात आणि घोड्याचं प्रतिविष, त्याची ॲलर्जी स्वतःच जीवघेणी ठरू शकते म्हणून, इतर औषधांनी न आवरणाऱ्या गंभीर दंशासाठीच राखून ठेवतात.